धुवायचा राहिलेला रोल

१

मास्तर त्या दिवशी सकाळपासूनच करवादलेले होते, आणि त्याला कारणही तसंच होतं. फोटोग्राफीच्या एका मासिकाच्या संपादकाने त्यांच्याकडे लेख मागितला होता. विषय काय, तर कृष्णधवल फोटोसाठी रोल बरा की डिजिटल. हा संपादक एके काळी मास्तरांच्याच हाताखाली कॅमेरा धरायला शिकला. आता तोच फोनवर मास्तरांना शहाणपण शिकवत होता. रोल म्हणजे हल्ली नुसते जुन्या आठवणींचे कढ, कंप्युटरवर एक कळ दाबली की फिल्मवरचा तसाच बारीक रवाळ दाणा येतो आणि तसाच काळा रंगही येतो, फरक कुणाच्या बापाला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाच्या वाफा दवडण्यात अर्थ नाही, एकाच माणसाचे एकाच क्षणी काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवतो, मग बोल, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

बोलले तसे कामालाही लागले. ट्रायपॉडवर लोखंडी पट्टी ठोकली. पट्टीवर एका बाजूला त्यांचा जुना रोलचा कॅमेरा बसवला आणि दुसऱ्या बाजूला मुलीने आग्रहाने पाठवलेला डिजिटल. दोन्हींच्या केबली एकाच मुठीत बांधल्या, म्हणजे अंगठा एकदाच दाबायचा आणि दोघांनी एकदमच फोटो घ्यायचा. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला मोठी खिडकी होती, समोर राखाडी पडदा होता आणि डाव्या हाताला अडगळीच्या खोलीचं दार होतं. त्या खोलीत जुने पडदे गुंडाळून ठेवलेले असत आणि दार कायम बंद असे. पडद्यापुढे मास्तरांनी खुर्ची ठेवली, तिच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि बायकोला हाक मारली.

बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. बाईंनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण मास्तरांची बायको ती मास्तरीण, झालं. खरं तर स्टुडिओची डार्करूम त्यांचीच. फोटो मास्तर काढत आणि रोल धुणं, प्रिंट काढणं हे सगळं बाई करत. नाव माझं आणि हात हिचे, असं मास्तर चारचौघांत सांगत.

गेल्या वर्षी बाईंचं हृदय बंद पडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं. अगदी शेवटच्या क्षणी परत आणलं, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ‘परत’ हा शब्द मास्तरांच्या मनात घर करून बसला होता. डार्करूममधल्या औषधांचा वास आता बाईंना वर्ज्य होता. त्या दिसेनाशा झाल्या की मास्तर काहीतरी निमित्त काढून घरभर फिरत आणि त्या दिसल्या की उगाच खेकसत. बाईंना ते कळायचं. त्या म्हणायच्या की अहो, आहे मी, कुठे पळून जात नाही.

२

डिजिटलचे फोटो लगेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर आले. बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, हात मांडीवर, नजर थेट समोर. ठीक होते. मास्तरांच्या मते जरा गुळमुळीत, पण ठीक.

मग रोल धुवायची पाळी आली. रोल डब्यात भरताना ठार काळोख लागतो, तिथे लाल दिवाही चालत नाही. नुसत्या बोटांनी फिल्म चाकावर चढवायची. बाईंच्या हातून ती मुकाट चढायची आणि मास्तरांच्या हातून दर वेळी अडकायची. बाहेर बाईंना आतली पुटपुट ऐकू येई आणि त्या दाराबाहेरूनच विचारत की मदतीला येऊ का, की शिव्या संपल्यावर येऊ.

निगेटिव्ह वाळल्या, प्रिंट निघाल्या. काळा रंग असा खोल आला होता की मास्तरांनी एकट्यानेच मान डोलवली. बघ म्हणावं आता त्या संपादकाला. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले, भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

रोलच्या फोटोत बाई समोर बघत नव्हत्या. बुबुळं डावीकडे गेली होती. फार नाही, थोडीशीच. एका फोटोत असं झालं असतं तर सोडून देता आलं असतं, पण सगळ्याच फोटोंत तसं होतं. आणि त्याच क्षणाच्या डिजिटल फोटोंत एकूण एक नजर समोर.

मास्तरांनी बाईंना फैलावर घेतलं. मी अंगठा दाबायच्या वेळी इकडेतिकडे बघू नकोस म्हणून कितीदा सांगितलं, सगळी मेहनत पाण्यात गेली, वगैरे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. तुम्ही एवढे डोळे वटारून समोर बसल्यावर दुसरीकडे बघायची माझी काय बिशाद, एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंग घेऊन स्वतः बघायला लागल्या. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या की काळा मात्र छान आलाय.

मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला. जुन्या कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, आळसावला असणार. तो निमिषभर उशिरा उघडत असेल, आणि तेवढ्यात माणूस नजर फिरवतोच. त्यांनी केबल पुन्हा बांधली आणि दुसरा रोल भरला. या वेळी रोलवर बाईंची नुसती नजरच नव्हे, मानही वळलेली आली. कान पूर्ण दिसत होता, गाल अर्धाच. मास्तरांनी प्रिंट टेबलावर आपटली आणि कॅमेरा उचलून तडक दुरुस्तीवाल्याकडे गेले.

३

दुरुस्तीवाला म्हणजे मास्तरांचा शाळेपासूनचा मित्र. त्याने कॅमेरा उघडला, पुसला, यंत्राला लावून तपासला आणि काही खोट नाही म्हणून परत दिला. दोष असलाच तर कॅमेऱ्याच्या मागे उभं राहणाऱ्यात आहे, असंही वर सांगितलं. मास्तरांना हसू आलं नाही. त्यांनी मित्राला हाताला धरून स्टुडिओत आणलं आणि त्याच खुर्चीत बसवलं. तो बडबडत होता, हलत होता, मध्येच जांभई देत होता. रोल धुतला. जांभईसुद्धा दोन्हीकडे सारखीच आली, दातांसकट.

मग मास्तरांनी खुर्चीवर पाण्याचा जग ठेवून फोटो काढले. दोन्हीकडे तोच जग, तीच सावली. त्यात रोलचा जग इतका देखणा आला की संपादकाच्या तोंडावर मारावा. लेखाचं काम खरं तर तिथेच झालं होतं. दुरुस्तीवाल्याचा चेहरा होता, जग होता, दाणा होता, काळा होता, सगळं होतं. पण मास्तरांना आता लेखाची पडलीच नव्हती. तो लेख गेला खड्ड्यात. जग सरळ येतो, जांभई देणारा माणूस सरळ येतो, आणि आपलीच बायको तेवढी वाकडी येते म्हणजे काय?

त्यांनी बाईंना पुन्हा बसवलं. बाई म्हणाल्या की आता माझा चेहरा मलासुद्धा पाठ झाला. पण बसल्या.

या वेळी मास्तरांनी कॅमेऱ्यातून बघितलंच नाही. ते ट्रायपॉडच्या बाजूला उभे राहिले आणि केबल हातात धरून सरळ बाईंकडे बघत अंगठा दाबला. डिजिटलचा हलका टिक आणि रोलचा खट, दोन्ही एकदम झाले. बाई हलल्या नाहीत. पापणीही हलली नाही, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि खटच्या मागोमाग खुर्ची करकरली. माणूस उठताना जशी करकरते तशी, आधी हातांच्या दांड्यांजवळ आणि मग पाठीशी. बाई बसलेल्याच होत्या.

लाकूड आहे, करकरतंच, असं मास्तर मोठ्याने म्हणाले. बाईंनी काही विचारलं नव्हतं.

४

त्या रोलच्या प्रिंट काढताना मास्तरांनी डार्करूमचं दार आतून लावून घेतलं. औषधाच्या पाण्यात कागद हलवत ते उभे राहिले. लाल उजेडात आधी पडद्याची कड आली, मग खुर्चीची पाठ, मग बाईंचा हात. हात मांडीवर नव्हता, खुर्चीच्या दांडीवर रेटलेला होता. अंग उठायच्या बेतात होतं आणि तोंड डावीकडे, अडगळीच्या खोलीच्या दाराकडे.

पुढच्या फोटोत बाई उभ्या होत्या. त्याच्या पुढच्यात खुर्ची मागे राहिली होती. शेवटच्या फोटोत त्या दारापाशी पोचल्या होत्या आणि एक हात दाराला लावला होता. दार उघडं होतं. फार नाही, वीतभर. आत काळोख असायला हवा होता, पण फटीत सपाट राखाडी होतं आणि त्याला सावली कुठेच नव्हती.

मास्तर बाहेर आले. त्यांनी अडगळीच्या दाराची कडी बघितली. लागलेली होती. काढून आत डोकावले. गुंडाळलेले पडदे, मोडका दिवा, धूळ. पुन्हा कडी घातली, ओढून पाहिली आणि स्वतःलाच चार शेलक्या शिव्या दिल्या. म्हातारपणी बुद्धी भ्रष्ट झाली, दुसरं काय. रोलवर रोल चढला असेल, आधीच काढलेल्या फिल्मवर पुन्हा काढलं असेल. पण तसं असेल तर बसलेल्या बाईही दिसायला हव्या होत्या, पुसटशा तरी. खुर्ची स्वच्छ रिकामी होती, पाठीची पट्टीन्‌पट्टी दिसत होती.

बाई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या. मास्तर दारात उभे राहून बघत राहिले. निवडता निवडता बाईंचा हात थांबला आणि मान जराशी डावीकडे कलली. काही वेळ त्या तशाच राहिल्या. मग पुन्हा निवडायला लागल्या. मास्तरांना एकदम जाणवलं की हे त्यांनी आजच पाहिलेलं नाही. दवाखान्यातून आल्यापासून हे चाललंय, जेवताना, बोलताना, झोपायच्या आधी. आपण रोज बघत होतो आणि आपल्याला दिसत नव्हतं.

त्यांनी विचारलं की काय ऐकतेस. आवाज चढवायचा नव्हता, पण चढलाच.

बाई जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "काही ऐकू नाही येत हो. कुणीतरी हाक मारायच्या बेतात आहे, असं वाटतं. मारत नाही कुणी. पण मारली तर लगेच ओ द्यावी लागेल, असं वाटत राहतं."

"देऊ नकोस," मास्तर म्हणाले.

बाई हसल्या. "तुम्ही तर माझ्या हाकेला कधी वेळेवर ओ देत नाही, मला कुठे सांगताय."

५

आता फोटो बंद, असं मास्तरांनी ठरवलं. ट्रायपॉड कोपऱ्यात गेला. पण बंद केल्याने जिवाला स्वस्थता लाभेना. शेवटच्या फोटोत ती दाराला हात लावून उभी आहे, तिला तिथेच उभी ठेवून आपण कॅमेरा बंद केला, हे काही त्यांच्या पचनी पडेना. बाई इकडे हळूहळू कमी बोलू लागल्या होत्या. विचारलं तर बरी आहे म्हणत. डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनीही नाडी, दाब सगळं उत्तम म्हणून सांगितलं. मास्तर डॉक्टरांवरच उखडले. यंत्रात सगळं ठीक दिसतं हो, यंत्राचं काय सांगता मला, असं काहीतरी बोलून गेले.

तिला मागे आणायला हवं. रोलनेच नेली, तर रोलनेच आणायची. हा विचार वेडगळ आहे हे मास्तरांना कळत होतं. कंटाळलेल्या, चिडलेल्या, घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते सुचलं होतं. त्यांनी पडद्यापुढे दोन खुर्च्या मांडल्या. एका खुर्चीत बाईंना बसवलं, केबल लांब केली आणि दुसऱ्या खुर्चीत स्वतः बसले. उजव्या हातात केबल घेतली आणि डाव्या हाताने बाईंचं मनगट धरलं.

बाई म्हणाल्या की लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही एवढा घट्ट हात धरला नव्हता. मास्तर म्हणाले की गप्प बस आणि समोर बघ.

पहिल्या फोटोला तिची खुर्ची करकरली. मास्तरांनी मूठ आवळली. मनगट जागचं हललं नव्हतं, तरी हाताला ओढ लागली. भर गर्दीत लहान मूल पुढे धावतं आणि आपला हात ताणला जातो ना, तशी. सोडायचा नाही, असं मास्तरांनी दातओठ खाऊन ठरवलं आणि रोल संपेपर्यंत अंगठा दाबत राहिले. शेवटी शेवटी दुसरी खुर्चीही करकरत होती. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मनगट हातात होतं, गरम होतं, नाडी लागत होती, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

डिजिटलच्या पडद्यावर दोन म्हातारी माणसं खुर्च्यांत बसलेली आली. बाई हसत होत्या. मास्तर मारकुट्या बैलासारखे समोर बघत होते. इतका साधा, इतका बरा फोटो त्यांनी किती दिवसांत काढला नव्हता.

६

रोल कॅमेऱ्यातून काढला, पण धुवायचा धीर होईना. न धुतलेल्या रोलवर फोटो असतो आणि नसतोही. असतो, पण कुणी पाहिलेला नसतो. मास्तरांना वाटलं, तसाच राहू दे. उजेडात ओढून जाळून टाकावा असंही एकदा मनात आलं. त्यात ती आहे. जाळला तर काय जळेल कोण जाणे.

विचार करत करतच ते डार्करूममध्ये गेले, रोल ठेवला आणि बाहेर आले. कुठे ठेवला हे त्यांनी पाहिलंही नाही. हाताने आपणहून ठेवला, डावीकडच्या फळीवर. त्या घरात डावीकडच्या फळीवरचा रोल म्हणजे धुवायचा रोल. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तोच रिवाज होता. मास्तर तिथे ठेवत, बाई तिथून उचलत, आणि त्यात कधी एका शब्दाने विचारावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर संपादकाकडे गेले. डिजिटलचे फोटो त्याच्या टेबलावर ठेवले आणि लेख होणार नाही, तू जिंकलास, असं सांगितलं. त्यांना वाटलं होतं गडी हुरळून जाईल. तो उलट हिरमुसला. म्हणाला, "मास्तर, तुम्ही मला खोटं पाडाल म्हणून तर तुम्हाला विचारलं होतं." मग त्याने बाईंचा आणि मास्तरांचा तो फोटो उचलून पाहिला आणि हा छान आहे म्हणाला. रोलवरचा कसा आलाय, हेही विचारलं. मास्तर म्हणाले की धुतला नाही, आणि उठले.

येताना त्यांना बऱ्याच दिवसांनी जरा हलकं वाटत होतं. हरलो तर हरलो. घरी जायचं, चहा करायला सांगायचा, तिच्याशी जरा नीट बोलायचं. उगाच खेकसत होतो इतके दिवस.

दार उघडलं तेव्हा आत पाण्याचा आवाज येत होता. नळाची बारीक, सतत धार. स्वयंपाकघरातली नव्हे. फिल्म शेवटी वाहत्या पाण्यात धुतात, त्याची.

७

बाई डार्करूममधून बाहेर आल्या. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या होत्या आणि दोन्ही हातांत ओली फिल्म ताणून धरलेली होती. चेहऱ्यावर जुना उजेड होता, काम मनासारखं झालं की यायचा तो.

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "किती दिवस बघतेय, तुमचं डोकं नुसतं भणभणलेलं. फळीवर रोल दिसला, म्हटलं तेवढाच भार हलका करावा. रोल डब्यात भरल्यावर खिडकी उघडी ठेवली होती, वास कोंडू नये म्हणून."

मास्तरांना ओरडायचं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "पाहिलास?"

"न पाहता कसा धुणार?"

"कुठे आहेस तू?"

बाईंनी फिल्म खिडकीपुढे धरली. मास्तरांना बघायचं नव्हतं आणि नजर वळवताही येईना. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. दोन खुर्च्या दिसत होत्या. दोन्ही रिकाम्या. फोटोमागून फोटो त्या तशाच होत्या, आणि डाव्या कडेला दोन लहान आकृती सरकत होत्या. पुढची बाईची. मागची पुरुषाची, मागे रेललेली, टाचा रोवलेली, आणि तरी प्रत्येक फोटोत दाराच्या थोडी अधिक जवळ. दोघांच्या मध्ये एक ताणलेली रेघ होती.

"सोडला नाहीत हो तुम्ही हात," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मी एकटीच."

फिल्म त्यांच्या हातातून जमिनीवर पडली. उचलायला कुणी वाकलं नाही. मास्तर स्टुडिओकडे बघत होते. अडगळीच्या खोलीची कडी त्यांनी स्वतः घातली होती, ओढून पाहिली होती. दार वीतभर उघडं होतं. फटीत राखाडी होतं, आणि ते नुसतं राखाडी नव्हतं. चाळणीतून पीठ पडावं तसे बारीक दाणे त्यात हलत होते, काळे आणि पांढरे, आवाज न करता. त्यापुढे मास्तरांनी बघितलं नाही.

पडद्यापुढे कालच्या दोन्ही खुर्च्या अजून तशाच होत्या. त्यांत कुणी बसलंय का, हे त्यांना मान वळवून पाहता आलं असतं. त्यांनी मान वळवली नाही.

बाईंचा हात त्यांच्या हातात होता. कधी घेतला, कुणी घेतला, ते आठवेना. हात गार होता, औषधाच्या पाण्याने ओला. कुणी हाक मारली नव्हती, निदान मास्तरांना तरी ऐकू आली नाही, पण बाई म्हणाल्या, "आले," आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग थांबल्या आणि मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्या त्यांना ओढत नव्हत्या. बोटं सैल ठेवली होती त्यांनी, मुद्दाम.

हात सोडता आला असता. मास्तरांनी तो सोडला नाही.